खानापूर तालुक्याचा हिवाळा आणि पाऊस : कणकुंबीचं वेगळं, बिडीचं वेगळं

खानापूर तालुक्यात पाऊस किती होतो आणि थंडी किती पडते, असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारावं लागतं, की खानापूर म्हणजे नेमकं कुठलं? कणकुंबीचं, लोंढ्याचं, खानापूर शहराचं, की बिडी-कक्केरीकडचं? पश्चिमेला चोर्ला घाटाच्या माथ्यावरची कणकुंबी आणि पूर्वेला बिडी यांच्यात सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटरचं अंतर आहे. तेवढ्यात पाऊस कित्येक पटींनी उतरतो, माती बदलते, पीक बदलतं आणि डिसेंबरातल्या पहाटेचा गारठाही बदलतो. सरकारी तक्त्यात मात्र या सगळ्याची मिळून एकच ओळ असते.

बेळगाव जिल्ह्याची वार्षिक पावसाची सरासरी ८०८ मि.मी. धरली जाते. एकट्या खानापूर तालुक्याची सरासरी १८०० मि.मी.च्या आसपास जाते, म्हणजे जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. बेळगाव शहराला १२०० ते १३०० मि.मी. मिळतो. अथणी, रायबाग, गोकाक या बाजूला तो ६०० मि.मी.च्या आत-बाहेर राहतो आणि एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. खानापूरच्या १८०० च्या आकड्यातही पुन्हा दोन टोकं दडलेली आहेत. घाटमाथ्यावर कणकुंबी, आमगाव, गवाळी, पास्टोली, चिखले या पट्ट्यात चार हजार मि.मी. पाऊस होणं नवलाचं नाही. जांबोटीजवळच्या आमगावात तर २०१० साली दहा हजार मि.मी.च्या वर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर राज्यातलं सर्वांत ओलं गाव कोणतं, या चर्चेत आगुंबेच्या जोडीनं आमगावचं नाव घेतलं जाऊ लागलं. पर्यटकांना आगुंबे ठाऊक असतं. आमगाव मात्र खानापूर शहरातल्याही अनेकांनी पाहिलेलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

ढग चढतो तिथं पाऊस, उतरतो तिथं उघडीप

हा फरक पडतो तो सह्याद्रीमुळं. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे गोव्याची सपाटी ओलांडून थेट चोर्ल्याच्या कड्यावर आदळतात. समोर डोंगर असल्यानं हवेला वर चढावंच लागतं. वर चढताना ती थंड होते आणि थंड हवेत बाष्प कमी मावतं, त्यामुळं जास्तीचं बाष्प पाऊस होऊन खाली पडतं. सर्वांत जास्त पाऊस पडतो तो कड्याच्या पश्चिम अंगाला आणि अगदी माथ्यावर. माथा ओलांडून हवा पूर्वेला उतरू लागली की ती पुन्हा तापते आणि ढग विरळ होतात. म्हणून जांबोटीत जी झड दिवसभर लागून राहते, तीच खानापुरात सरींवर येते आणि पारिश्वाड-इटगीकडं त्याच दिवशी शेतात कोळपणी चाललेली दिसते.

लोंढा, गुंजी, नागरगाळी हा दक्षिणेचा पट्टा मधला म्हणावा लागेल. इथं पाऊस भरपूर असतो, पण कणकुंबीइतका नसतो. दाट जंगलामुळं हवेतला दमटपणा मात्र पावसाळा संपल्यावरही बरेच दिवस टिकतो. पावसाळ्यात हालात्री नाल्यावरचा पूल पाण्याखाली जाऊन खानापूर-हेमाडगा वाहतूक बंद पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या वाचताना एक लक्षात ठेवावं, नाला फुगायला खानापुरात मोठा पाऊस व्हावा लागत नाही. वरच्या जंगलात झाला तरी पुरतो.

शेतकऱ्यांचा हिशोब अजूनही नक्षत्रांवर चालतो. रोहिणीच्या सुमारास धूळवाफ पेरणी, मग मिरगाची वाट. आर्द्रा, तरणा आणि म्हातारा या नक्षत्रांत, म्हणजे जून अखेर ते जुलै अखेरपर्यंत, पश्चिम भागातला निम्म्याच्या आसपास पाऊस होऊन जातो. पूर्व भागाचं लक्ष मात्र उत्तरा आणि हस्त नक्षत्रांकडंही तितकंच असतं, कारण परतीचा पाऊस तिथल्या जमिनीला हिवाळ्यासाठी ओल देऊन जातो. जांबोटीवाल्याला सप्टेंबरात पाऊस नकोसा होतो, तेव्हाच बिडीवाला तो मागत असतो.

थंडी कुठून येते

हवामान खात्याच्या कागदावर हिवाळा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा मान्सूनोत्तर काळ. आपल्याकडं मात्र दिवाळी आली की थंडी आली असं धरतात, आणि अंगाला जाणवणारं तेच असतं.

ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास नैर्ऋत्य मान्सून उत्तर कर्नाटकातून माघार घेतो आणि वारा फिरतो. समुद्राकडून येणारी दमट हवा थांबते, पूर्व-ईशान्येकडून दख्खनच्या पठारावरची कोरडी हवा येऊ लागते. आभाळ निरभ्र होतं. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडं सोडत राहते. वर ढगांचं पांघरूण नसल्यानं ती उष्णता परत येत नाही आणि पहाटेपर्यंत हवा गार होत जाते. त्यातच हा भाग उंचावर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, खानापूर त्याच्या शंभरेक मीटर खाली आणि कणकुंबी पुन्हा आठशेच्या जवळ.

बेळगावात जानेवारीचं सरासरी किमान तापमान १४ अंशांच्या आसपास असतं, कमाल २९-३० च्या घरात. पणजीत याच महिन्यात रात्रीचा पारा २० च्या आसपास राहतो. संध्याकाळी चोर्ला घाट चढून गोव्याहून येणाऱ्याला माथ्यावर गाडीच्या काचा वर कराव्या लागतात त्या याच पाच-सहा अंशांमुळं. उत्तर भारतातली थंडीची लाट महाराष्ट्रावरून खाली सरकली तर बेळगावचा पारा १० च्या खालीही जातो. सपाटीवर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं. बेळगावची सरासरी पाहता इथं साडेनऊला ती अट पुरी होते. ‘गरिबांचं महाबळेश्वर’ हे बेळगावचं जुनं टोपणनाव उन्हाळ्यातल्या संध्याकाळींमुळं पडलं असेल, पण जानेवारीतल्या पहाटेलाही ते शोभतं.

उंचावर थंडी जास्त, हे नेहमी खरं नसतं

कणकुंबी उंच, म्हणून तिथं सगळ्यात जास्त थंडी, असा अनेकांचा समज असतो. दिवसाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. रात्रीचं गणित मात्र उलटू शकतं. थंड हवा जड असते. वारा पडलेला असला की ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि सखल भागात साचते. मलप्रभेच्या काठचं शिवार, दोन टेकड्यांमधली भातखाचरं, नाल्याकाठचे मळे अशा ठिकाणी पहाटेचा पारा वरच्या माळापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली असू शकतो. खळ्यावर राखणीला झोपणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, तो अंथरूण माळावर टाकतो.

धुक्याचंही असंच. नदीकाठच्या असोग्यापासून खानापूर शहरापर्यंत डिसेंबरातल्या पहाटे जे दाट धुकं बसतं, ते साचलेल्या थंड हवेत दमटपणा गोठल्यासारखा होऊन जागच्या जागी तयार झालेलं असतं. ऊन वर आलं की तासा-दोन तासांत ते विरतं. कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूला दिसणारं धुकं बऱ्याचदा वेगळं असतं. कोकणातून वर चढलेल्या दमट हवेचा तो ढगच असतो, डोंगराला टेकलेला. तो वाऱ्यासोबत येतो-जातो, त्यामुळं घाटात एका वळणावर स्वच्छ ऊन आणि पुढच्या वळणावर दहा हातांवरचं दिसत नाही, असं होतं. पहिलं धुकं सकाळी आठ-नऊपर्यंत थांबलं की संपतं. दुसऱ्याची वेळ ठरलेली नसते, गाडी चालवणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

भीमगड अभयारण्याच्या परिसरात, तळेवाडी, देगाव, कोंगळा या जंगलातल्या गावांत, आणखी एक प्रकार दिसतो. दाट झाडीखाली जमिनीची उष्णता सहज निसटत नाही, म्हणून रानात पहाटे तेवढा गारठा नसतो. तेच गावाभोवतालच्या उघड्या शेतात पाय ठेवला की दहिवरानं पायतान भिजतं.

दहिवरावर पिकणारी मसूर

नोव्हेंबरात जमिनीत ओल असते आणि रात्री गार होऊ लागलेल्या असतात, म्हणून दव सर्वांत जास्त पडतं ते याच महिन्यात आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. फेब्रुवारीत रात्री अजून गार असल्या तरी हवा कोरडी झालेली असते आणि दव आटतं.

या पट्ट्यातल्या शेतीला हे दव म्हणजे जवळजवळ दुसरा पाऊस आहे. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात बासमती भात निघालं की त्याच काळ्या जमिनीत मसूर, हरभरा, वाटाणा टाकला जातो. त्याला पाणी दिलं जात नाही. जमिनीतली उरलेली ओल, पहाटेचं दहिवर आणि थंडी यांवर पीक उभं राहतं. खानापूरच्या पूर्व भागात, जिथं मध्यम काळी जमीन आहे, तिथंही भातामागून कडधान्य घेण्याची रीत आहे. पश्चिमेच्या तांबड्या, जांभ्या जमिनीत मात्र ते जमत नाही. तिथं पाऊस चौपट असला तरी जमीन पाणी धरत नाही. भात कापून झालं की शिवार मोकळं पडतं, आणि आस लागते ती काजू-आंब्याच्या मोहोराची.

थोडं उत्तरेला निपाणी भागात हिवाळ्याचा अर्थ तंबाखू. बिडी तंबाखूच्या पानावर पक्व होताना चिकटा आणि ठिपके येतात, त्यावरच त्याचा भाव ठरतो. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीत कोरडी हवा आणि गार रात्री लागतात. ऐन वेळी एक जोराची सर आली तरी पानावरचा चिकटा धुऊन जातो, वजन घटतं, रंग बिघडतो. उसाचंही कोरड्या थंडीशी जमतं. रात्री गार आणि दिवस उन्हाचे असले की वाढ थांबून कांड्यात साखर साठते आणि कारखान्यांचा उतारा सुधारतो. अथणी-गोकाककडचा शाळू हस्ताच्या ओलीवर आणि थंडीवर पोसला जातो.

हिवाळ्यातला पाऊस

इथला हिवाळा कोरडा असतो, हे वर्षांच्या सरासरीनं खरं आहे. जानेवारी आणि फेब्रुवारीत बहुतेक वर्षी पर्जन्यमापकात काहीच पडत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत बेळगाव परिसरात दीडशे मि.मी.च्या आसपास पाऊस होतो, त्यातला मोठा वाटा ऑक्टोबरचा. तमिळनाडूला भिजवणारा ईशान्य मान्सून इथं पोचेपर्यंत थकलेला असतो.

अडचण सरासरीची नसून अवचित येणाऱ्या चार दिवसांची असते. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात नोव्हेंबर-डिसेंबरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की पठारावरची कोरडी हवा हटते, समुद्राची दमट हवा आत घुसते आणि ऐन सुगीत आभाळ भरून येतं. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ गोवा-कोकण किनाऱ्याला समांतर जाऊन ११ तारखेला अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ अरबी समुद्रातून गुजरातच्या दिशेनं गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकभर लांबलेल्या पावसानं उभी आणि कापलेली पिकं भिजवली. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ पुदुच्चेरीजवळ धडकलं, तिथून विरत विरत कर्नाटक ओलांडून अरबी समुद्राकडं गेलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेळगाव-कोल्हापूरकडचं आभाळही ढगाळून राहिलं.

खानापुरात याच वेळी भात कापून खाचरात पसरलेलं असतं. दोन दिवस उन्हात वाळवून मगच ते बांधायचं आणि खळ्यावर आणायचं अशी पद्धत. पसरलेल्या भातावर पाऊस झाला आणि खाचरात पाणी साचलं, की तीन-चार दिवसांत लोंबीलाच मोड येतात. दाणा काळा पडतो आणि गिरणीत तुकडा होतो. पिंजर, म्हणजे जनावरांची वर्षभराची वैरण, कुजते ती वेगळीच. पिकाचं नुकसान मोजताना वैरणीचा हिशोब सहसा कुणी धरत नाही. पण दोन म्हशी असलेल्या घराला ती विकत घ्यावी लागते तेव्हा भाताइतकाच फटका बसतो.

पाऊस न पडताही नुकसान होतं. डिसेंबर-जानेवारीत आठवडाभर नुसतं ढगाळ राहिलं, की रात्री गार होत नाहीत, हवा कोंदट होते. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येते, काजूच्या पालवीवर ढेकण्या बसतो. जांबोटी-कणकुंबी आणि लोंढा भागातल्या काजूवाल्यांसाठी थंडी किती कडक पडली यापेक्षा ती सलग किती दिवस टिकली, हे महत्त्वाचं असतं. पहाटे बारा अंश आणि आभाळ कोरं असे तीन आठवडे मिळाले तर मोहोर नीट फुटतो. मध्येच ढग आले तर त्याच झाडावर दोन-तीन टप्प्यांत फूल येतं आणि बी गोळा करणं मे महिन्यापर्यंत, म्हणजे वळिवापर्यंत, लांबतं.

पडलेलं पाणी जातं कुठं

या तालुक्यावर पडणारा पाऊस तीन खोऱ्यांत वाटला जातो. कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा खानापूर शहराजवळून पूर्वेला जाते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. लोंढ्याकडची पांढरी नदी दक्षिणेला काळी नदीत जाते. कणकुंबीच्या माथ्यावर एकाच सरीतले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतात.

चार हजार मि.मी. पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे १ कोटी ६० लाख लिटर पाणी. तरीही घाटमाथ्यावरच्या वाड्यांत मार्च-एप्रिलला घागरी घेऊन झरा शोधावा लागतो. कारण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली जांभा. पाणी मुरायच्या आत वाहून जातं, मुरलेलं झऱ्यावाटे डिसेंबर-जानेवारीपर्यंत बाहेर पडतं. हिवाळा हा या झऱ्यांच्या खर्चाचा काळ. संक्रांतीला ओढ्याची धार किती जाड आहे, यावर जुनी माणसं उन्हाळ्याचा अंदाज बांधतात आणि तो बहुधा चुकत नाही. ऑक्टोबरचा पाऊस चांगला झाला तर हीच धार महिनाभर जास्त टिकते. जुलैतल्या हजार मि.मी.पेक्षा ऑक्टोबरातले शंभर इथं जास्त कामाला येतात.

वाहून गेलेलं मलप्रभेचं पाणी सौंदत्ती तालुक्यातल्या नवीलुतीर्थ धरणात साठतं आणि तिथून हुबळी-धारवाडच्या नळांना जातं. याच धरणात म्हादईचं पाणी वळवण्यासाठी कळसा-भांडुरा प्रकल्प आखला गेला. म्हादई लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, फेब्रुवारी २०२० मध्ये तो केंद्राच्या राजपत्रात आला. त्यात कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८, असं मिळून ३.९ टीएमसी पाणी वळवण्याची मुभा आहे. गोव्याचा विरोध कायम आहे. ज्या कणकुंबी परिसरात हे पाणी पडतं तिथल्या लोकांची काळजी साधी आहे. पावसाळ्यात वळवलेल्या पाण्याचं सोडा, जमिनीखालून कालवा गेल्यावर हिवाळ्यातले झरे तेवढेच राहतील का?

आकडा वाचताना

पावसाचा रोजचा आकडा सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आदल्या २४ तासांचा असतो. म्हणजे मंगळवारच्या बातमीतला पाऊस बराचसा सोमवारी पडलेला असतो. अडीच मि.मी. किंवा जास्त झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. ६४.५ मि.मी.पासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ अशी हवामान खात्याची वर्गवारी आहे. कणकुंबीत जुलैतला साधा दिवसही ‘जोरदार’मध्ये बसतो, म्हणून तिथल्या माणसाला इशाऱ्यांचं अप्रूप राहत नाही. हेच इटगीत झालं तर बांध फुटतात.

मोबाइलवर ‘खानापूर’ टाकून दिसणारं तापमान बहुधा खानापुरात मोजलेलं नसतं. आसपासच्या केंद्रांच्या नोंदी आणि संगणकाचं गणित यांवरून ते काढलेलं असतं, आणि त्यात नदीकाठचा गारठा किंवा घाटातला ढग धरला जात नाही. ‘तालुक्यात सरासरीच्या ९० टक्के पाऊस’ हे वाक्यही तसंच वाचावं. जांबोटी होबळीत सरासरीहून जास्त आणि बिडी होबळीत तीस टक्के तूट असतानाही तालुक्याची बेरीज नव्वदवर येऊ शकते. २०२३ साली राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तो तालुका हाच घटक धरून. पीक विमा, नुकसानभरपाई किंवा बियाण्याची निवड यासाठी आकडा लागत असेल तर तालुक्याचा न घेता आपल्या होबळीचा, आणि ग्रामपंचायत पातळीवरचं पर्जन्यमापक जवळ असेल तर त्याचा घ्यावा. रयत संपर्क केंद्रात मागितला तर तो मिळू शकतो. भात कापायला घेण्याआधी मात्र या आकड्यांपेक्षा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र आहे की नाही, एवढं पाहिलं तरी चालतं. तिथं काही शिजत असेल तर विळा चार दिवस थांबवावा, कारण उभं भात एक पाऊस सोसतं, कापलेलं सोसत नाही.